पितळी नळीतला पेट्रोलमापक

माझ्या मोटारसायकलच्या मीटरवर पेट्रोल दाखवणाऱ्या सहा पट्ट्या आहेत. गेल्या वर्षी त्यांतल्या चार पट्ट्या एका खड्ड्यात नाहीशा होऊन पुढच्या खड्ड्यात परत येऊ लागल्या, तेव्हा दोष मीटरमध्ये नसून टाकीतली पातळी मोजून मीटरला कळवणाऱ्या युनिटमध्ये आहे, हे ओळखायला फार वेळ लागला नाही. युनिटची तार सोडवून तिथे बदलता रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा कमीजास्त करता येणारा भाग, जोडला आणि तो हळूहळू फिरवला, तर पट्ट्या मुकाट्याने एकेक करून कमी होत गेल्या. नेमक्या किती ओहमला (ओहम हे रोधाचे एकक) कोणती पट्टी जाते, हे त्याच वेळी वहीत टिपून ठेवले आणि पुढे तेच सर्वांत उपयोगी पडले. भरलेल्या टाकीला सुमारे १० ओहम आणि रिकाम्या टाकीला सुमारे ९० ओहम, असा माझ्या मीटरचा हिशेब निघाला.

जुने युनिट बाहेर काढल्यावर कारण डोळ्यांनीच दिसले. तरंगत्या फ्लोटला जोडलेली तार वरखाली होते आणि तिच्या टोकाचे बारीक बोट रोधाच्या पट्टीवरून घासत जाते. ही सगळी घासाघीस पेट्रोलमध्ये बुडालेल्या अवस्थेत चालते. मी बहुधा अर्धीच टाकी भरतो, त्यामुळे हिंदकळणाऱ्या पेट्रोलबरोबर ते बोट वर्षानुवर्षे पट्टीच्या मधल्या भागावरच घासत राहिले होते आणि तेवढाच भाग झिजून काळा पडला होता. पुण्यात नाना पेठेत चौकशी केली, तेव्हा संपूर्ण युनिट १,८०० रुपयांना मिळेल असे कळले. पैशांपेक्षाही मला खटकले ते हे की नव्या युनिटमध्येही तेच घासणारे बोट असणार होते.

पहिला विचार धारकतेवर, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर, चालणाऱ्या मापकाचा होता. एकात एक अशा दोन नळ्या पेट्रोलमध्ये उभ्या ठेवायच्या आणि त्यांच्यामधली धारकता मोजायची. त्यात हलणारा भागच नसतो. परंतु नळ्यांमधल्या द्रवामुळे धारकता किती पट वाढते हे सांगणारा विद्युत्-अपार्यता स्थिरांक पेट्रोलचा सुमारे २ आहे, तर इथेनॉलचा सुमारे २५. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्या प्रमाणात थोडा जरी फरक पडला, तरी तेवढ्याच पेट्रोलला मापक वेगळा आकडा सांगेल. म्हणून तो नाद सोडला.

शेवटी निवड केली ती रीड स्विचची. काचेच्या बारीक नळीत बंद असलेली दोन पाती चुंबक जवळ आला की चिकटतात आणि दूर गेला की सुटतात. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून असे नऊ स्विच आणि रोध आणले. लेथवाल्याकडून जुन्या युनिटच्याच मापाची पितळी तबकडी कातून घेतली, तिच्यावर दहा मिलिमीटर व्यासाची पितळी नळी उभी झाळून घेतली आणि नळीचे वरचे तोंड बंद केले. युनिट टाकीच्या तळातून बसत असल्यामुळे नळीचे खालचे तोंड टाकीच्या बाहेर उघडते. म्हणजे स्विच, रोध आणि तारा नळीच्या आत असल्या, तरी खऱ्या अर्थाने त्या टाकीच्या बाहेरच आहेत आणि वीज व पेट्रोल यांच्यामध्ये पितळेची अखंड भिंत आहे. पितळ चुंबकाला अडवत नाही, त्यामुळे नळीवरून सरकणाऱ्या, आत चुंबक असलेल्या स्टीलच्या फ्लोटला आतले स्विच बिनदिक्कत जुळतात. हा फ्लोट पाण्यात नव्हे, पेट्रोलमध्येच तपासून घ्यावा. पेट्रोल हलके असल्याने तो त्यात बराच खोल बसतो.

रोधांची साखळी अशी जोडली की सर्वांत वरचा स्विच लागला तर १० ओहम मिळतात आणि खालचा प्रत्येक स्विच त्यात भर घालतो. एकही स्विच लागला नाही, तर पूर्ण साखळी मोजली जाते आणि मीटर टाकी रिकामी दाखवते. चूक व्हायचीच असेल, तर ती याच बाजूने व्हावी.

खरी मेहनत मात्र टाकीच्या आकाराने घेतली. मोटारसायकलची टाकी चौकटीच्या नळीवर खोगिरासारखी बसते, त्यामुळे तिच्या तळाशी डावा आणि उजवा असे दोन कप्पे पडतात. (पेट्रोल संपल्यावर गाडी आडवी करून आणखी दोन-चार किलोमीटर काढण्याची आपली जुनी युक्ती याच उजव्या कप्प्याच्या जिवावर चालते.) माझ्या गाडीचा कॉक आणि युनिट, दोन्ही डाव्या कप्प्यात आहेत. म्हणून टाकी काठोकाठ, म्हणजे १३ लिटर भरली, कॉकला टी-जोड लावून एका फाट्यावर पारदर्शक नळी उभी धरली आणि दुसऱ्या फाट्यातून अर्धा-अर्धा लिटर काढत नळीतली पातळी लिहीत गेलो. वरच्या भागात अर्ध्या लिटरला पातळी पाच-सहा मिलिमीटर उतरत होती. कप्पे वेगळे झाल्यावर तीच वीसहून अधिक उतरू लागली. कारखान्यातून आलेल्या मीटरची पहिली पट्टी हलता हलत नाही आणि शेवटच्या दोन भराभर जातात, या तक्रारीमागे असा भेद असू शकतो. मी स्विच समान अंतरावर न ठेवता या यादीप्रमाणे ठेवले आणि रोध आधीच्या वहीतून निवडले, त्यामुळे आता पट्ट्या उंचीप्रमाणे नव्हे, तर लिटरप्रमाणे जातात.

हे काम मोकळ्या हवेत, बॅटरीची ऋण तार सोडवून आणि टाकी पूर्ण उपसूनच केले. झाळकाम टाकीपासून लांब, लेथवाल्याच्या दुकानातच उरकले, कारण उपसलेल्या टाकीत उरणारी वाफ हवेत मिसळून पेट घेऊ शकते आणि त्या दृष्टीने ती भरलेल्या टाकीहून अधिक घातक असते. पॅकिंग नवे घातले आणि रात्रभर खाली कागद पसरून ठेवला. सकाळी तो कोरडा होता.

बाजूच्या स्टँडवर गाडी डावीकडे कलली की एक पट्टी अजूनही जास्त दिसते, त्याला इलाज नाही. शेवटची पट्टी डाव्या कप्प्यात ०.९ लिटर उरल्यावर लुकलुकावी, असे ठरवले होते. उजव्या कप्प्यातले १.४ लिटर धरून टाकी भरायला १०.७ लिटर लागायला हवे होते. ती पट्टी पहिल्यांदा लुकलुकली, तेव्हा पंपावर जाऊन टाकी काठोकाठ भरून घेतली आणि आकडा आला १०.६.