स्टेपनीविना मिळालेली गाडी, वेशवी–केळशी रस्ता आणि योग्य डिस्कचा शोध

बागमांडल्याहून फेरीबोटीने वेशवीला उतरून केळशीमार्गे दापोलीकडे जाणारा रस्ता स्टेपनी नसलेल्या गाडीने करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे आणि हा वृत्तांत मुख्यतः त्यासाठीच लिहीत आहे. हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर ही ठिकाणे कशी आहेत, कुठे उतरावे आणि काय खावे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. माझ्या डोक्यात अजून तो एकच पट्टा आणि त्यानंतर सुरू झालेला चाकाचा शोध आहे.

आमची गाडी सीएनजीची आहे. बूटखाली जिथे स्टेपनीचा खड्डा असतो तिथे सिलिंडर बसवलेले असल्यामुळे स्टेपनी, जॅक आणि पाना या तिन्ही गोष्टी गाडीसोबत मिळाल्या नाहीत. त्यांच्याऐवजी एक लहान कॉम्प्रेसर आणि सीलंटची बाटली मिळाली. हे नियमाला धरून आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ट्यूबलेस टायर, टायरमधील दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी देण्याचे बंधन राहिलेले नाही. वाचलेली जागा, विशेषतः विजेवरच्या गाड्यांत मोठ्या बॅटरीसाठी, वापरता यावी हा त्यामागचा हेतू आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती विक्रेत्याने दिलेल्या आश्वासनाबद्दल. किटने दहा मिनिटांत कुठलेही पंक्चर निघते, असे त्याने आम्हाला सांगितले होते आणि ते सरळ चुकीचे आहे.

टायरचा जो भाग जमिनीला टेकतो त्यात खिळा किंवा स्क्रू घुसून चार ते सहा मिलिमीटरपर्यंतचे छिद्र पडले असेल तरच सीलंट चालते. टायरच्या बाजूला, म्हणजे साइडवॉलला कट गेला, रिम वाकली किंवा टायर रिमवरून सुटला, तर त्या बाटलीचा काहीही उपयोग नाही. सीलंट यशस्वी झाले तरी ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून जवळच्या दुकानापर्यंतच जायचे असते आणि बाटलीवर मुदत संपण्याची तारीख छापलेली असते, ती बहुतेकांनी कधी पाहिलेली नसते.

आता त्या पट्ट्याविषयी. वेशवीच्या जेटीवरून वर चढल्यावर सुरुवातीचा रस्ता बरा आहे, त्यामुळे मन निर्धास्त होते. पुढे रस्ता एका गाडीपुरता अरुंद होतो, वळणे आंधळी आहेत आणि डांबर संपते तिथे साइडपट्टी एकदम खाली उतरते. आम्ही गेलो तेव्हा पावसाळा नुकताच संपला होता. पाण्याने साइडपट्टीची माती वाहून गेली होती आणि जांभ्याचे तुकडे आणि खडी धारदार कडा वर करून उघडी पडली होती. समोरून एसटी आली की डावी चाके खाली उतरवण्यावाचून पर्याय नसतो, कारण एसटीला उतरायला जागाच नसते. अशाच एका ठिकाणी, चालण्याच्या वेगात असताना, मागच्या डाव्या टायरच्या साइडवॉलला बोटभर लांबीचा कट गेला. दाबाचा इशारा देणारा दिवा लागेपर्यंत रिम जमिनीला टेकलेली होती. आम्ही सीलंट भरले. ते सगळे त्याच कटातून फेसासारखे बाहेर आले. मोबाइलला रेंज नव्हती, ती मिळवण्यासाठी चढ चालत जावे लागले.

रस्त्यावरील मदतीची जी सेवा गाडीसोबत घेतलेली होती, तिच्याकडून फ्लॅटबेड ट्रक यायला संध्याकाळ झाली. ठरावीक अंतरापर्यंत सेवा मोफत असल्याचे कागदावर लिहिले होते. हे अंतर ट्रक जिथून निघाला तिथून मोजायचे आणि त्याच्या परतीसह मोजायचे, हे मात्र ट्रकवाल्याने गाडी चढवून झाल्यावर सांगितले. दापोलीपर्यंत पोहोचवण्याचे साडेसहा हजार रुपये घेतले आणि पावती त्यापेक्षा कमी रकमेची दिली. अंधार पडत आलेला, सोबत म्हातारे आईवडील, अशा वेळी माणूस वाद घालू शकत नाही, आणि हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणून सांगतो: गाडी ट्रकवर चढवण्यापूर्वी एकूण रक्कम विचारा, ती मदतकेंद्राच्या माणसाकडून फोनवर वदवून घ्या आणि शक्य असेल तर मेसेजवर मागा. त्या पैशांत एक संपूर्ण स्टेपनी जवळजवळ उभी राहते, ही गोष्ट मला अजून सलते.

दापोलीत आमच्या मापाचा, म्हणजे १९५/५५ आर १६ (१९५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, १६ इंची रिमसाठी) टायर कुणाकडेही नव्हता. तालुक्याच्या गावी १४ आणि १५ इंची टायर सहज मिळतात, १६ इंची कमी उंचीचा टायर मागवावा लागतो. ज्या दुकानदाराने तो मागवून देण्याचे कबूल केले, त्यानेच तोपर्यंत चालेल म्हणून एक जुनी १५ इंची लोखंडी डिस्क, म्हणजे ज्यावर टायर चढवतात ते धातूचे चाक, लावून पाहिली. चार स्टड, म्हणजे ज्यांवर चाकाचे नट बसतात ते बोल्ट, बरोबर छिद्रांत गेले, नटही फिरले, पण डिस्क हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या मधल्या भागावर चाक बसते त्यावर, टेकेना. मधले भोक आमच्या हबपेक्षा लहान होते. त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि ती लावायची नाही असे निक्षून सांगितले. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने नट आवळून ओढून बसवली असती आणि आम्ही त्या अवस्थेत घाट चढलो असतो. या माणसाचा मी ऋणी आहे. कोणती मापे पाहायची हे मला त्याच्याकडूनच कळले.

गुहागर आणि पुढचा प्रवास सुखाचा झाला, त्यात सांगण्यासारखे काही नाही.

पुण्याला परतल्यावर अधिकृत सेवाकेंद्रात स्टेपनी मागितली. या मॉडेलला स्टेपनीच नसल्यामुळे तिचा पार्ट नंबर नाही, असे उत्तर मिळाले. हे उत्तर ऐकून परत फिरू नका. त्याच मॉडेलचे खालचे व्हेरिअंट बहुधा लोखंडी डिस्कवर येते आणि त्या डिस्कला पार्ट नंबर असतो. स्टेपनी हा शब्द न उच्चारता खालच्या व्हेरिअंटची डिस्क मागा. सेवाकेंद्राने तरीही टाळाटाळ केली तेव्हा मी नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात तो नंबर दिला आणि डिस्क नवीन, वेष्टनासह मिळाली. एवढा साधा मार्ग असताना आधी मी मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात दिवस घालवला होता. तिथे एका दुकानदाराने टायरसह चाकाचे सहा हजार सांगितले आणि सगळ्यांना बसते अशी खात्री दिली. टायरवरच्या तारखेच्या शेवटच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवतात. त्या टायरवर २३१४ होते, म्हणजे तो २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला होता. डिस्कची कड ठोकून सरळ करून वर ताजा काळा रंग मारलेला होता. जुन्या बाजारातून डिस्क घ्यायचीच असेल तर ती व्हील बॅलन्सिंगच्या मशिनवर फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. टायर तर तिथून घेऊच नका.

मापांच्या बाबतीत जितकी दक्षता घ्याल तितकी थोडी आहे. स्टडच्या वर्तुळाचा व्यास, ज्याला दुकानात पीसीडी म्हणतात, चार स्टडच्या चाकावर समोरासमोरच्या दोन छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजता येतो. पाच स्टडचे चाक असेल तर शेजारच्या दोन छिद्रांतले अंतर मोजून त्याला १.७ ने गुणावे. सुमारे ६७ मिलिमीटर आले तर ते ११४.३ चे आहे. हे माप जुळले की काम झाले असे दुकानदार म्हणतात, ते मान्य करू नका. सुझुकी, होंडा आणि रेनॉ या तिन्ही कंपन्यांच्या कित्येक चार स्टडच्या गाड्यांचे पीसीडी १०० मिलिमीटरच आहे, पण मधले भोक अनुक्रमे ५४.१, ५६.१ आणि ६०.१ मिलिमीटर असते. भोक हबपेक्षा लहान असेल तर चाक बसणारच नाही. मोठे असेल तर मध्ये योग्य मापाची रिंग घालून चालवता येते. याशिवाय ऑफसेट, म्हणजे डिस्क हबला टेकते ती पातळी रिमच्या मध्यापासून किती बाहेर आहे, ते चाकाच्या आतल्या बाजूला कोरलेले असते. पाचेक मिलिमीटरच्या फरकाने तात्पुरत्या चाकाचे बिघडत नाही, त्याहून जास्त फरक असेल तर चाक आत सस्पेन्शनला किंवा बाहेर मडगार्डला घासण्याचा धोका असतो.

टायरची रुंदी आणि इंच वेगळे असले तरी चालेल, एकूण व्यास मात्र जुळला पाहिजे. १९५/५५ आर १६ चा हिशेब असा: रुंदीचे ५५ टक्के म्हणजे १०७.२५ मिलिमीटर, त्याची दुप्पट अधिक १६ इंचांचे ४०६.४, एकूण ६२०.९ मिलिमीटर. १८५/६५ आर १५ चा व्यास याच पद्धतीने ६२१.५ येतो, म्हणजे फरक एक मिलिमीटरही नाही. त्यामुळे मी १५ इंची लोखंडी डिस्क आणि हाच टायर घेतला, आणि तो टायर तालुक्यालाही मिळतो हा आणखी एक फायदा आहे. भार पेलण्याचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. ८७ म्हणजे ५४५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. ज्यांना व्यास एवढा जुळवता येणार नाही त्यांनी स्टेपनी नेहमी मागच्या बाजूला लावावी. पुढचे चाक गेले तर मागचे चांगले चाक पुढे घ्यावे आणि स्टेपनी मागे टाकावी. बहुतेक लहान गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि तिथे दोन चाके असमान असली तर डिफरन्शिअलवर, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरवर, ताण येतो.

नटांकडे कुणीच लक्ष देत नाही, आणि सगळ्यात घातक चूक तिथेच होते. मॅगव्हीलचे, म्हणजे मिश्रधातूच्या चाकाचे, टोपीवाले नट लोखंडी डिस्कवर कधी कधी आतून स्टडला टेकतात; पाना घट्ट लागतो, पण चाक आवळले गेलेले नसते. शिवाय काही नटांची बैठक तिरकी असते आणि काहींची गोल. एका बैठकीच्या डिस्कवर दुसऱ्या बैठकीचा नट लावला तर तो सैल होत जातो. डिस्कबरोबर तिचेच चार नट विकत घ्या आणि स्टेपनीला बांधून ठेवा. सुझुकीच्या स्टडच्या दोन आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर असते, होंडा आणि ह्युंडाईच्या गाड्यांत १.५, नट हाताने सहज फिरला नाही तर जोर लावू नका. हाताने लावताना आठेक फेरे बसले पाहिजेत.

डिस्क घरी आणल्यावर ती पुढे आणि मागे दोन्हीकडे लावून पाहिली, हाताने फिरवून ब्रेकच्या कॅलिपरला (चाकाच्या आत ब्रेक आवळणाऱ्या भागाला) कुठे लागत नाही ना हे तपासले, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहिले आणि मग सोसायटीभोवती सावकाश एक फेरी मारली. वरच्या व्हेरिअंटचे ब्रेक मोठे असले तर १५ इंची डिस्क आत बसत नाही, म्हणून ही तपासणी दुकानदाराच्या शब्दावर सोडू नये. डिस्क, नवा टायर, व्हॉल्व्ह, नट आणि बॅलन्सिंग मिळून साडेआठ हजारांच्या आत काम झाले. जॅक आणि लांब दांड्याचा पाना वेगळा घेतला. जॅक केवळ गाडीच्या दाराच्या उंबऱ्याखालच्या खुणेच्या जागीच लावावा.

त्यानंतर आम्ही तोच सागरी मार्ग पुन्हा केला. वेशवी–केळशी पट्टा तसाच होता, पण या वेळी निभावला; कट गेला तो हेदवीच्या पुढे, उतारावर. पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले, आधी नट सैल केले आणि मगच गाडी उचलली. अर्ध्या तासात आम्ही निघालो आणि तवसाळची फेरीबोट गाठून जयगडला उतरलो. तो आनंद मला शब्दांत मांडता येत नाही. असा रस्ता असलेल्या प्रत्येकाने खर्चाचा विचार न करता स्टेपनी घ्यावी, हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

बूटमध्ये हे चाक पंधरा-सोळा किलोचे ओझे असते आणि एक मोठी बॅग मावेनाशी होते. ते आडवे ठेवून पट्ट्याने बांधले पाहिजे, कारण जोरात ब्रेक लागल्यास सुटे चाक मागच्या सीटवर येऊन आदळते. स्टेपनीत दाबाचा सेन्सर नसेल तर इशाऱ्याचा दिवा लागून राहतो, त्याने घाबरू नये. उरलेल्या तीन चाकांची हवा मात्र पंपावर मोजून घ्यावी. चाक बदलल्यानंतर पन्नासेक किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळणे आवश्यक आहे. आम्ही ते रत्नागिरीच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर केले, तेव्हा चारपैकी एक नट पाव फेरा आणखी बसला.