शरभाची दुसरी बाजू

गेल्या डिसेंबरात जंजिऱ्याला गेलेलो, राजपुरीहून शिडाच्या होडीने, आणि होडी दरवाज्याला लागली की उतरायची जी झुंबड होते ना त्यात मागून लोक ढकलत होते तरी मी तिथेच थांबले, कारण दरवाज्याशेजारच्या भिंतीत तो होता. शरभ, सिंहासारखा काल्पनिक पशू. पायांखाली हत्ती, शेपटीत गुंडाळलेला हत्ती, आणि आवेश असा की आत्ता उडी मारेल. शिवनेरीच्या दरवाज्यांवरही बघितलाय मी त्याला, बाकी किल्ल्यांवरही, पण त्या दिवशी पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात शिरली ती निघेचना. तो दगडात कायम एका बाजूनेच दिसतो. त्याची पाठ, त्याचं पोट, पंजाचा तळवा, दुसरा कान, हे कुणी बघितलंच नाहीये. ते मला बघायचं होतं.

मी गेली चार वर्षं प्राण्यांच्या बाहुल्या करते, म्हणजे चेहरा, पंजे, शिंगं रेझिनची (साच्यात ओतलं की घट्ट होणारं पातळ प्लास्टिक) आणि अंग मऊ फरचं, आत तार. उदमांजर केलंय, वाघळं केलीत, पण ते सगळे खरे प्राणी, फोटो बघून करता येतात. शरभाचा फोटो कुठून आणणार? पुराणात तर त्याला आठ पाय सांगितलेत, शंकराने नरसिंहाला शांत करायला घेतलेलं रूप ते. किल्ल्यांवरचा मात्र साधा चार पायांचा, सिंहासारखा. मी किल्ल्यावरचाच धरला कारण माझी ओळख त्याच्याशी आहे.

डोकं आधी मातीत केलं. फॉइलचा घट्ट गोळा, त्यावर तेलातली माती, ती वाळत नाही त्यामुळे महिनाभर रोज रात्री थोडं थोडं करता येतं. हत्यारं म्हणजे दाभण, टूथपिक, जुना टूथब्रश (दगडासारखा खरखरीत पोत येतो त्याने) आणि तारेची वेटोळी. आयाळीच्या बटा मी मूर्तीतल्यासारख्याच ठेवल्या, गोल गोल वळलेल्या, केस न वाटता शंख वाटाव्यात अशा. आणि मग डाव्या बाजूचं डोकं फोटोवरून झालं आणि उजवीकडे आले तर हात थांबला. नुसतं आरशासारखं उलटं केलं तर तो जिवंत वाटत नाही हो, कुठल्याच जनावराचा चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो. शेवटी उजवा कान थोडा मागे दाबला, चिडलेल्या मांजराचा असतो तसा, आणि ओठ त्या बाजूला जरा जास्त उचलला. तिथून पुढे तो माझा शरभ झाला.

आता साचा. इथे पहिलाच घाव बसला. माती वापरली होती तिच्यात गंधक होतं, आणि प्लॅटिनमवालं सिलिकॉन, म्हणजे ज्या रबराचा साचा करतात ते, गंधकाला लागलं की घट्टच होत नाही, मग तुम्ही कितीही तास थांबा. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर बाहेरून छान रबर आणि चेहऱ्याला लागून सगळा चीक. सहाशे ग्रॅम सिलिकॉन गेलं आणि तो चीक काढता काढता महिनाभराचा चेहराही गेला. लॅटेक्सच्या हातमोज्यांनीही हेच होतं, म्हणून नायट्राइलचेच घाला. टिनवाल्या सिलिकॉनला हा त्रास नसतो आणि ते स्वस्तही असतं पण कालांतराने आकसतं, लवकर फाटतं. मला यातून दहा-पंधरा चेहरे काढायचे होते त्यामुळे पुन्हा प्लॅटिनमच घेतलं, आणि माती बदलली, आणि चेहरा परत केला. दुसऱ्यांदा नऊ दिवसांत झाला, हाताला पाठ झाला होता.

त्या मधल्या दिवसांत मी पेणला गेले. तिथे एका कारखान्यात ओळखीतले काका आहेत, चाळीस वर्षं गणपती करतायत. शाडूचा मूळ नमुना, त्यावर रबराचा साचा, बाहेरून पीओपीचं कवच, हे सगळं ते लोक पिढ्यान्‌पिढ्या करतायत आणि मी मात्र परदेशातले व्हिडिओ बघून शिकत बसले होते! काकांनी माझं मातीचं डोकं हातात घेतलं, फिरवलं, आणि अंगठा सरळ कानाच्या मागे नेला. "हे अडकणार बघ. इथे साचा निघताना कान घेऊन येईल." मी म्हटलं काका मग कान कापू का, तर म्हणाले, "कान कशाला कापतेस पोरी, जोड कानावरून ने." म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे भेटतात ती रेघ मी डोक्याच्या मधोमध नेणार होते, ती त्यांनी कानाच्या कडेवरून वळवायला लावली. एवढ्या एका वाक्याने माझे साच्यातून निघणारे पुढचे सगळे चेहरे वाचले.

तर कृती अशी. डोकं निम्मं मातीत झोपवायचं, कानाच्या कडेपर्यंत, मातीत ब्रशच्या मागच्या टोकाने खळगे करायचे म्हणजे दोन्ही भाग नंतर एकमेकांत नेमके बसतात. भोवती फोमबोर्डाची पेटी, फटी ग्लूगनने बंद. सिलिकॉन किती लागेल हे मी तांदळाने मोजते, पेटीत तांदूळ भरायचे, ते मापाच्या भांड्यात ओतून मिलीलिटर बघायचे आणि थोडं जास्त धरायचं. पहिला हात ब्रशने, दातांत आणि नाकपुड्यांत हलकेच दाबून, मग बाकीचं पेटीच्या एका कोपऱ्यातून बारीक धारेने, उंचावरून, म्हणजे बुडबुडे धारेतच फुटतात. घट्ट झालं की उलटं करून माती काढायची, आणि दुसरा भाग ओतायच्या आधी सिलिकॉनला व्हॅसलीन, सगळीकडे, कडेकोपऱ्यात सुद्धा, कारण सिलिकॉन दुसऱ्या कशाला फारसं चिकटत नाही पण सिलिकॉनला चिकटतं आणि मग तुमच्याकडे साचा नाही, एक रबराची वीट असते.

आणि पाऊस. पॉलियुरेथेनचं रेझिन दहा मिनिटांत घट्ट होतं म्हणून मला फार आवडतं, पण ते हवेतल्या ओलीशी भांडतं, पाणी लागलं की त्यात वायू तयार होतो आणि ते पावासारखं फुगतं. जुलैत पुण्यात मी ओतलेली शिंगं आतून नुसती जाळी होती, दाबलं की कुडकुडायची. पावसाळाभर मग इपॉक्सीवर आले. चोवीस तास थांबावं लागतं, शिंगासारखे निमुळते भाग तर दुसऱ्या दिवशीही जरा वाकतात, पण फुगत नाही. साचा तिरका धरून ओतायचं, शिंगाच्या टोकात दाभण फिरवायचं, म्हणजे अडकलेली हवा वर येते. आणि मास्क, गाळणीच्या डब्यांचा, वाफेसाठीचा, कापडी अजिबात चालत नाही. घासायचं ते ओल्या पॉलिश पेपरनेच, 220 नंबरच्या खरखरीतपासून 1000 नंबरच्या गुळगुळीतपर्यंत, ती धूळ फुफ्फुसात जाता कामा नये. ह्यात मी कुणालाच सूट देत नाही, शिकायला येणाऱ्या पोरांना मास्क नसेल तर घरी पाठवते.

अंगासाठी फर मुंबईहून आणली, मंगलदास मार्केटला दोन चकरा झाल्या तेव्हा कुठे तो गंजक्या दगडाचा तपकिरी रंग मिळाला. फर कापताना कात्री लावायची नाही, मागून ब्लेडने फक्त कापड कापायचं म्हणजे केस अख्खे राहतात. रेझिनच्या चेहऱ्याच्या कडेला बारीक भोकं पाडून फर तिथे जाड दोऱ्याने शिवली, टाका आयाळीखाली लपतो. पंजे तारेवर बसवून एम-सीलने पक्के केले, आणि प्रत्येक पंजाच्या वर स्टीलच्या छर्ऱ्यांची छोटी पिशवी, त्यामुळे उचलला की पाय खऱ्या जनावरासारखे लोंबतात. पोट मी फिकट केलं, मऊ, आखूड केसांचं. आणि तळवे पेस्टलने गुलाबी. दगडात तिथे हत्ती होते. इथे काही नाही, नुसता तळवा, मांजराचा असतो तसा, चार बोटं आणि मधली गादी.

डोळ्यांचं मात्र वेगळं झालं. निघताना काका म्हणाले होते, "आखणी सगळ्यात शेवटी हं. आधी डोळे केलेस तर तो बघत बसतो आणि तुझा हात चुकतो." गणपतीचे डोळे रंगवण्याला ते लोक आखणी म्हणतात आणि ती कारखान्यात शेवटीच होते, ठरलेल्या हाताने. पण माझे डोळे काचेचे, 14 मिलिमीटरचे घुमट, मागून रंगवलेले, ते डोक्याच्या आतूनच बसवावे लागतात, अंग शिवायच्या आधी. शेवटी ठेवताच येत नाहीत. म्हणून मी ते बसवले, मागची पुट्टी ओली असेपर्यंत अर्धा तास नजर इकडेतिकडे सरकवून पाहिली, उजवा डोळा किंचित खाली आणला, आणि लगेच दोन्हीवर मास्किंग टेप लावली. मग रंगाचे हात, शिवण, भरणं, नखांना वार्निश, सगळं टेपसकट, तीन आठवडे. घरात येणारा जाणारा विचारायचा याचे डोळे का बांधलेत.

परवा रात्री साडेअकराला शेवटचा टाका घातला, दोरा तोडला, टेबल पुसलं, दिवा जवळ घेतला. डाव्या डोळ्याची टेप आधी काढली. मग त्याला वळवलं, उजवीकडून, दाबलेल्या कानाच्या बाजूने, आणि दुसरी काढली.