मुद्दाम केलं की विचार न करता?

लपलेल्या भूमिकांच्या ऑनलाइन खेळांत ‘हा मुद्दाम हरला’ अशी तक्रार आली, की ती तपासणाऱ्याला हाच प्रश्न पडतो. अमंग अस या खेळात सहा जण उरलेत, दोन इम्पोस्टर (लपून मारणारे) आणि चार क्रूमेट (त्यांना शोधणारे). एक इम्पोस्टर भर गर्दीत एकाला मारतो, पकडला जातो, हरतो. जोडीदाराची तक्रार येते: ‘सगळ्यांसमोर मारलं, मुद्दाम थ्रो केला’, म्हणजे जाणूनबुजून आपल्याच बाजूला हरवलं. आधी आकडे मांडा. त्याच क्षणी जोडीदारानेही एकाला मारलं असतं तर दोनास दोन झाले असते, आणि बरोबरी झाली की खेळ तिथेच इम्पोस्टरांच्या बाजूने संपतो. प्रेत रिपोर्ट करून मतदानाची मीटिंग बोलवायला कुणाला वेळच मिळत नाही. चाल बरोबर होती, दुसरा वेळेवर पोचला नाही. हेच सात जण असताना केलं असतं, तर दोन खून होऊनही तीन क्रूमेट उरले असते आणि मीटिंगमध्ये दोघांचा खेळ आटोपला असता. ती मोजणीतली चूक झाली. तिला थ्रो म्हणायचं कारण नाही.

निकालावरून हेतू ठरवायचा नाही, हे पहिलं. त्या क्षणी त्या खेळाडूला काय माहीत होतं, आणि त्या माहितीवर त्याच्या बाजूचा फायदा होण्याची एक तरी वाट होती का, एवढंच पाहायचं. तीन जण उरलेत आणि त्यात एक इम्पोस्टर आहे, अशा वेळी कुणी पुराव्याशिवाय मत टाकलं तर लोक ओरडतात. पण तिथे स्किप केलं, म्हणजे कुणालाच मत दिलं नाही, आणि टास्क (क्रूमेटनी जिंकण्यासाठी करायची कामं) पूर्ण व्हायला आलेली नसतील, तर पुढच्या खुनाला खेळ संपतो. अंदाजाने टाकलेलं मतच तिथे शहाणपणाचं.

टाउन ऑफ सेलममध्ये, म्हणजे गाव विरुद्ध लपलेले माफिया अशा खेळात, हा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा होतो, कारण भूमिका खूप आहेत. व्हिजिलांटीने, म्हणजे रात्री गोळी घालू शकणाऱ्या गावकऱ्याने, गावातल्याच माणसाला गोळी घातली तर अपराधीपणाने तो पुढे स्वतःचाही जीव देतो. जेलरने, म्हणजे गावाच्या बाजूने कैद करणाऱ्याने, चुकीच्या माणसाला देहदंड दिला तर त्याचे उरलेले देहदंड जातात. या चुका होणार हे बनवणाऱ्यांनी धरलेलंच आहे आणि त्यांची किंमतही खेळातच ठेवली आहे. त्यामुळे निव्वळ ‘आपल्याच माणसाला मारलं’ ही तक्रार मी तरी बाजूला ठेवते. मेयरने पहिल्याच दिवशी स्वतःला जाहीर केलं तर त्याची मतं तीन मोजली जातात, पण मग डॉक्टर त्याला वाचवू शकत नाही. घाई झाली, वाईट खेळला, पण गुन्हा नाही.

आता मेयर जाहीर झालाय आणि व्हिजिलांटी त्यालाच गोळी घालतो. इथे गोष्ट बदलते. ‘मी डॉक्टर आहे’ हा कुणाचाही दावा असू शकतो, मेयरची खात्री मात्र खेळ स्वतः देतो. खात्रीच्या माहितीविरुद्ध केलेली कृती हा हेतूचा सगळ्यात भक्कम पुरावा. तरीही रात्रीच्या नोंदी बघितल्याशिवाय शिक्का मारू नका. ट्रान्सपोर्टरने दोघांच्या जागा बदलल्या असतील, तर गोळी भलत्यालाच लागते. विचने व्हिजिलांटीला वळवलं असेल, तर निशाणा त्याचा नसतोच. या दोन शक्यता न तपासता निर्दोष खेळाडूला दोषी ठरवणं अगदी सहज घडतं.

‘मी माफिया आहे, मला लटकवा’ हे वाक्य जेस्टरच्या (ज्याला गावाने लटकवलं की तो जिंकतो) तोंडी असेल तर तो जिंकायचा प्रयत्न करतोय. खऱ्या माफियाच्या तोंडी असेल तर लोक आपल्याला जेस्टर समजून सोडतील असा त्याचा हिशोब असू शकतो. पण त्याने जोडीला साथीदारांची नावंही दिली, आणि त्यांच्यावर तोवर संशयसुद्धा नव्हता, तर त्यातून त्याच्या बाजूला काहीच मिळत नाही. साथीदार आधीच सापडलेला असताना त्याच्याविरुद्ध मत देणं मात्र जुना, मान्य डाव आहे.

लॉग, म्हणजे सामन्याची नोंद, वाचणाऱ्याची सगळ्यात मोठी अडचण अशी, की त्याला सगळ्यांच्या भूमिका आधीच ठाऊक असतात. म्हणून लॉग दोनदा वाचा. पहिल्यांदा फक्त त्या खेळाडूला दिसलं तेवढंच: सार्वजनिक चॅट, त्याला आलेल्या कुजबुजी, त्याचे रात्रीचे निकाल. वादग्रस्त कृतीपाशी थांबा आणि आपला संशय कुणावर गेला ते लिहून ठेवा. मगच पुढचं वाचा. संशय त्याच माणसावर गेला असेल, तर तक्रार तिथेच मिटते.

मराठी लॉबीत आणखी एक खाचखळगा आहे. ‘इलेक्ट्रिकलमध्ये (अमंग असमधली एक खोली) मारलं’ या वाक्यात कर्ताच नाही. मी मारलं, त्याने मारलं, तिने मारलं, क्रियापद तेच राहतं. घाईत टाइप केलेला आरोप कबुलीसारखा वाचला जातो आणि मग ‘त्याने स्वतःच सांगितलं’ म्हणून तक्रार होते. पुढची दोन-तीन वाक्यं वाचली की अर्थ लागतो.

मध्येच खेळ सोडणाऱ्यांबाबत एका सामन्यावरून काही कळत नाही, त्याचे निदान दहा सामने काढा. क्रूमेट भूमिका मिळाली की पहिल्या काही सेकंदांत बाहेर, इम्पोस्टर झाला की शेवटपर्यंत हजर, असं दिसलं तर नेटचा दोष नाही. नेट भूमिका बघून तुटत नाही. उलट चॅटमधलं वाक्य अर्ध्यावर तुटलंय, भूमिका कुठलीही असो, तर त्या माणसाला सोडा.

राहतो तो खरा कठीण गट: हेतू वाईट नाही, पण बेपर्वाई पक्की. तीन वेळा समजावलं, लॉगमध्ये ‘हो, कळलं’ असं त्याचं उत्तर आहे, आणि चौथ्यांदा तेच. याला थ्रो करणारा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, पण बाकीच्या चौदा जणांचा वेळही फुकटचा नाही. त्याला रँक्ड (क्रमवारीच्या) सामन्यांतून काही दिवस बाहेर ठेवा, साध्या सामन्यांत खेळू द्या. आणि नोंदीत ‘थ्रो’ हा शब्द टाकू नका, कारण पुढच्या तक्रारीवेळी दुसरा कुणीतरी तो एकच शब्द वाचून निकाल देईल. भूमिका, कितवा दिवस, किती जण जिवंत होते, त्याला काय माहीत होतं आणि त्याने काय केलं, एवढं लिहा.