आईच्या पायाशी ओल

मे महिन्यातली दुपार, गाडीत आई-बाबा, डिकीत आंब्याच्या दोन पेट्या. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट निम्मा चढून होतो न होतो तोच टेंपरेचरचा काटा लाल रेघेला टेकला. गाडी 2007 सालची, पेट्रोलवरची, बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. विकू या म्हटलं की बाबा ताटावरून उठतात, म्हणून त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मीच ती चालवते.

गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. बाबा रुमाल घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे निघालेच होते, तेवढ्यात मागे थांबलेला टेम्पोवाला ओरडला, "काका, हात नका लावू, तोंडावर येईल!" या झाकणावर 0.9 असा आकडा असतो, म्हणजे 0.9 बार एवढा दाब. तेवढ्या दाबाखाली आतलं पाणी 100 अंशांना उकळत नाही, 118 च्या आसपास जाईपर्यंत तग धरतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून वर येतं. इंजिन निवेपर्यंत तासभर बसलो, मग पाणी भरलं. उरलेला घाट एसी बंद करून, हीटर फुल्ल लावून चढा, असंही त्यानेच सांगितलं. इंजिनाची थोडी गरमी तरी आत ओढली जाईल म्हणे. मे महिन्यात हीटर! चारही काचा खाली, आई पदराने वारा घेतेय, बाबा गप्प. पण काटा उतरला आणि आम्ही साताऱ्याला पोचलो.

परत आल्यावर नेहमीच्या फिटरने पहिला प्रश्न चांगला विचारला. सिग्नलला उभी असताना गरम होते की पळताना? सिग्नलला काहीच व्हायचं नाही, पंखा वेळेवर सुरू व्हायचा. चढाला आणि हायवेलाच काटा चढायचा. म्हणजे हवेचा नाही, पाणी फिरण्याचा प्रश्न. रेडिएटर उतरवला तर नळ्यांच्या तोंडाशी पांढरा, खडूसारखा थर. आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी. बाथरूमच्या बादल्यांवर जो थर बसतो तोच हा. बाबा दर रविवारी प्रेमाने मगभर पाणी ओतायचे ते त्याच नळाचं. शिवाय थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, जागेवर नव्हताच. आधीच्या कुणी तरी "आपल्याकडे गरमच असतं, कशाला हवाय" म्हणून काढून टाकलेला. ही आपल्याकडची आवडती दुरुस्ती आहे. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, आणि मूळ दुखणं काही दिवस झाकलं जातं एवढंच. रेडिएटर नवा, थर्मोस्टॅट नवा (82 अंशांना उघडणारा), कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. काटा मधोमध बसला. बाबांनी फिटरला पेढे दिले.

मग जूनपासून कूलंट कमी व्हायला लागलं. आठवड्याला चहाचे दोन कप भरतील इतकं. मी रोज रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरायचे; सकाळी कोरडं. कूलंटच्या बाटलीवर स्केचपेनने रेघ मारून ठेवली, तर पाणी तिच्याखाली जाणार म्हणजे जाणार. आमचा फिटर गावी गेलेला, म्हणून दुसऱ्या गॅरेजला नेली. तिथल्या माणसाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि निदान केलं, "हेड गॅसकेट. हेड खोलायला लागेल, अठरा हजार." हे मला नाही, फोनवर माझ्या भावाला सांगितलं. गाडी मी आणली होती, फोन भावाला. हेड गॅसकेट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली पट्टी; ती फुटली की कूलंट इंजिनात शिरतं आणि त्याच्या खुणा दिसतात. मी विचारलं, ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस आहे का? सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय? सकाळी गार इंजिन सुरू केलं की रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात? यातलं काहीच नव्हतं. "मॅडम, अनुभवाने कळतं," म्हणाला. मी किल्ली घेऊन निघाले.

नाना पेठेत फक्त रेडिएटरचं काम करणारे एक चाचा आहेत असं कळलं. दुकान म्हणजे एक शटर आणि एक स्टूल. चाचांनी आधी एक काचेची नळी रेडिएटरच्या तोंडावर बसवली, आत निळं पाणी. इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर ते पिवळं पडतं. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं, निळं ते निळंच. म्हणजे गॅसकेट निर्दोष सुटलं. मग गाडी निवल्यावर झाकणाच्या जागी हातपंप लावला आणि मीटर 0.9 वर नेऊन सोडलं. काटा हळूहळू खाली सरकत होता. टॉर्च घेऊन सगळे पाइप, क्लिपा, वॉटर पंप बघितले. कुठेही थेंब नाही. चाचा स्टुलावर बसले. "बेटा, गाडीत आत कुठे ओलं लागतं का?"

आई डावीकडे पुढे बसते, गुडघ्यामुळे. दोन महिने ती म्हणत होती, माझ्या पायाशी ओल येते. मी म्हणायचे, एसीचं पाणी असेल. बाबा म्हणायचे, तुझीच छत्री. पावसाळा होता, कारणांना तोटा नव्हता. चाचांनी मॅट उचललं, कार्पेट बोटाने दाबलं आणि बोट माझ्या नाकाशी धरलं. गोडसर वास, तेलकट स्पर्श, किंचित हिरवट. पुढच्या काचेला आतून रोज सकाळी जो चिकट, धुरकट थर बसायचा आणि मी पेपरने पुसायचे, तोही हाच.

पुण्यात हीटर कोण लावतं? पंधरा-सोळा वर्षं त्याचा व्हॉल्व्ह बंद, आत तेच बोअरचं पाणी साचून हीटर कॉइल, म्हणजे डॅशबोर्डच्या आतला छोटा रेडिएटर, कुजत बसलेली. खंबाटकीत मी तो पहिल्यांदा पूर्ण उघडला. नंतर बंद केला, पण जाम झालेला व्हॉल्व्ह अर्धाच मिटला. तेव्हापासून गरम, दाबाचं कूलंट त्या कॉइलमधून फिरत होतं आणि डॅशबोर्डच्या आत झिरपत होतं.

कॉइल बदलायची तर अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा. इतक्या जुन्या गाडीचे प्लास्टिकचे खटके उतरवताना तुटतात आणि नंतर जन्मभर खडखडतात. दुसरा मार्ग म्हणजे हीटरकडे जाणारे दोन पाइप इंजिनाकडच्या बाजूलाच एकमेकांना जोडून टाकायचे. एक वळणाचा पाइप, दोन क्लिपा, मजुरीसकट चारशे रुपये. बाबांना आवडलं नाही. "कंपनीने दिलेली वस्तू बंद करून ठेवायची?" पण मी चाचांना हो म्हणून टाकलं होतं. पुन्हा पंप मारला तेव्हा काटा पंधरा मिनिटं 0.9 वरून हलला नाही.

कार्पेट गच्चीवर वाळायला चार दिवस लागले. आई रोज संध्याकाळी वर जाऊन ते उलटायची आणि खाली येऊन म्हणायची, अजून ओलंच आहे, छत्रीचं असेल.

डिसेंबरात महाबळेश्वरला गेलो. पसरणी घाटात काटा मधोमध, पण वेण्णा लेकच्या पुढे गाडीत हुडहुडी भरायला लागली. आईने शाल डोक्यावरून घेतली. बाबांनी हीटरची कळ लाल बाजूला सरकवली, थोडा वेळ वाट पाहिली आणि परत आणून ठेवली.