खुडूक मस्कोव्ही, कॅम्पबेलची अंडी आणि माझी घाई

२४ फेब्रुवारीला थोरल्या मस्कोव्ही बदकाच्या मादीखाली खाकी कॅम्पबेल या दुसऱ्या जातीच्या बदकाची ११ अंडी ठेवली. कॅम्पबेल अंडी भरपूर घालते, पण खुडूक, म्हणजे उबवायला, बसायचं नाव घेत नाही. म्हणून गुहागरकडच्या आमच्या परसात हे काम मस्कोव्हीचंच. आठव्या रात्री टॉर्चवर धरून पाहिली. २ कोरी निघाली, बाकी ९ मध्ये शिरांचं जाळं पसरलेलं.

८ मार्चला घोळ झाला. थोरली दाणे खायला उठली आणि धाकटी मस्कोव्ही तिच्या पेंढ्यावर जाऊन बसली. दोन दिवस दोघी एकाच घरट्यात, मधली अंडी ऊबेत, कडेची गार. धाकटीला उचललं तर पेन्सिलची खूण नसलेली ३ मोठी अंडी सापडली. लपूनछपून तिनेच घातलेली. खूण केली नसती तर कळलंच नसतं. कॅम्पबेलचं अंडं २८ दिवसांत फुटतं, मस्कोव्हीचं ३५. एकत्र राहिली असती, तर पहिली पिल्लं घेऊन थोरली उठली असती आणि ही तिन्ही अर्ध्यावर गार पडली असती. १० तारखेला ती तीन अंडी धाकटीसकट पडवीत डाल्याखाली हलवली. एक दिवस रुसली, मग बसली.

आता माझी चूक. थोरली रोज एकदा उठून घमेल्यात डुंबायची आणि ओल्या पोटाने परत अंड्यांवर यायची. पेंढा चिखलाने माखतो म्हणून मी १८ तारखेला घमेलं काढून टाकलं. त्या आठवड्यात सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा कोरडा वाहत होता, दुपारी खारा वारा येईपर्यंत अंगणातलं सगळं कडकडीत. अंड्यांना शेवटच्या दिवसांत हवा असलेला ओलावा तिच्या पिसांतून मिळत होता, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.

२२ मार्चला रात्री अंडं कानाशी धरलं तर आतून टकटक आणि बारीक चिवचिव. २३ ला सकाळी ४ अंड्यांना चिरा गेल्या. एक पिल्लू संध्याकाळपर्यंत तसंच, चोचीपुढचा पापुद्रा पिवळा, कातड्यासारखा. आत्या म्हणाली, "हात लावू नकोस गं, त्याचं रक्त अजून कवचाला आहे." मी कवच सोललं. पापुद्र्याच्या शिरेतून रक्त आलं, बलकही अजून पोटात पूर्ण ओढलेला नव्हता. रात्रीच गेलं. पहिल्या चिरेपासून बाहेर यायला बदकाच्या पिल्लाला सहज २४ ते ४८ तास लागतात, हे मी वाचलेलं होतं, तरी राहवलं नाही. फार वाईट वाटतं.

त्या रात्रीच घमेलं परत ठेवलं. दुसरं एक पिल्लू निमुळत्या टोकाकडून टोचत होतं, म्हणजे हवेच्या पोकळीच्या उलट बाजूला. त्याच्या चोचीपुढचं भोक तेवढं किंचित मोठं केलं, पापुद्र्याला कोमट पाण्याचं बोट लावलं आणि ते अंडं परत आईखाली सरकवलं. २५ ला पहाटे ते बाहेर आलं, ओलं, थकलेलं, पण बलक पूर्ण आत गेलेला.

एक अंडं फुटलंच नाही, आतलं पिल्लू आधीच गेलेलं होतं. ९ पैकी ७ पिल्लं थोरलीच्या पंखाखाली आहेत. काल रात्री धाकटीची ३ अंडी टॉर्चवर पाहिली. तिन्हींत हालचाल आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांची वेळ, आणि तिचं घमेलं आजपासूनच डाल्याशेजारी ठेवलंय.