इन्व्हर्टर बसवला आणि कॉम्प्युटर मंदावला

फोंड्याच्या एका छोट्या छापखान्यातून फोन आला, तेव्हा बाहेर श्रावणाचा पाऊस होता आणि आत भजनी सप्ताहाच्या पत्रिका अडकल्या होत्या. कोरल ड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ सरकवायला कॉम्प्युटर अर्धा मिनिट घेत होता. पात्रांवांचं, म्हणजे मालकांचं, निदान तयार होतं: मृगात इन्व्हर्टर बसवला, तेव्हापासूनच ही पीडा. "करंट कमी देतो तो."

मी मनात हसलो. महिन्याभरापूर्वी याच तक्रारीवर मी फोनवरच सल्ला दिला होता की रोज संध्याकाळी मशीन नीट बंद करत जा. ऑपरेटर मुलगा बंद न करताच घरी जात असणार, अशी माझी खात्री होती. त्यानंतर पात्रांवांनी त्याला त्यावरून दोनदा झापलंही होतं, हे मला नंतर कळलं.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. टास्क मॅनेजर उघडला. स्टार्टअपमध्ये चौदा प्रोग्रॅम होते, त्यातले नऊ बंद केले. पण परफॉर्मन्सच्या पानावर खाली 'अप टाइम' होता, म्हणजे विंडोज न थांबता किती वेळ चालू आहे त्याची नोंद; तिथे नजर थांबली: 47 दिवस. पात्रांव माझ्या खांद्यावरून बघत होते. मुलाचा चेहरा उतरला.

"हांव रोज बंद करूनच घरा वतां, मरे!"

मी म्हटलं, करून दाखव. त्याने स्टार्ट मेनूतून शट डाउन केलं, पंखा थांबला, दिवा विझला. पुन्हा चालू केलं. अप टाइम 47 दिवसच.

डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुतेक मशीनवर आपोआप चालू असते. शट डाउन म्हटलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर-स्कॅनरसारखी यंत्रं चालवणारे छोटे प्रोग्रॅम, जसेच्या तसे डिस्कवर एका फाइलीत ठेवले जातात. सकाळी तेच उचलून पुन्हा मेमरीत टाकलं जातं. म्हणून मशीन लवकर उठतं, आणि ड्रायव्हरने साचवलेला कचराही त्याच्यासोबत उठतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं कोरं होतं. नाव उलटं वाटतं, पण या मशीनवर खरं बंद होणं रीस्टार्टमध्येच होतं.

इथे नॉन-पेज्ड पूल, म्हणजे डिस्कवर न हलवता येणारी मेमरी, 8 जीबीतली जवळजवळ 3 जीबी खाऊन बसली होती. एरवी ती काहीशे एमबी असते. कुठलातरी ड्रायव्हर घेतलेली मेमरी परत देत नव्हता. माझा संशय जुन्या स्कॅनरवर आहे.

आणि इन्व्हर्टर? पात्रांवांचा तर्क चुकला, पण निरीक्षण अचूक होतं. पूर्वी पावसाळ्यात लायट गेली की मशीन धाडकन बंद पडायचं, आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून उठायचं. म्हणजे आमची वीज गेली की त्याची साफसफाई व्हायची! इन्व्हर्टरने ती थांबवली. व्हायरसच्या भीतीने नेटही काढून टाकलेलं, म्हणजे अपडेटसाठी होणारा रीस्टार्टसुद्धा नाही.

कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे पॉवर बटणांचा पर्याय. 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' फिकट दिसत होतं, त्यावरचं 'चेंज सेटिंग्ज' दाबल्यावर खूण काढता आली. रीस्टार्ट केलं. मशीन उठायला चारपाच सेकंद जास्त लागले, एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, असल्यावर त्याचं काय मोठंसं. पूल 300 एमबीच्या आत. स्कॅनरचा नवा ड्रायव्हर मिळाला नाही, म्हणून जुनाच ठेवला. रोज कोरं उठणाऱ्या मशीनला तो पुरून उरणार नाही.

पत्रिकेची ओळ एका झटक्यात सरकली. मी पिशवी भरत होतो तर मुलगा जवळ येऊन पुटपुटला, "आतां हें पात्रांवाक व्हडल्यान सांग."

मी मोठ्याने सांगितलं, आणि चुकीचा सल्ला माझाच होता हेही. तेवढ्यात मागचं ऑफसेट छपाईचं यंत्र सुरू झालं होतं. पात्रांवांनी कानाला हात लावला. पुन्हा सांगावं लागलं.