किचनचं काम काढतोय, दिवाळीआधी उरकलं तर बरं

आमचं किचन म्हणजे जेमतेम ८ बाय ७, जुन्या बिल्डिंगमधलं, कडप्प्याचा ओटा आणि खाली कडप्प्याचेच कप्पे. आता ट्रॉल्या करायच्या ठरतंय, पण आई म्हणते कप्पे काढू नका, ते कधी कुजत नाहीत, आणि खरं सांगायचं तर तिचं बरोबरच आहे. म्हणून सिंकखालचा कप्पा तसाच ठेवून फक्त बाकीकडे प्लायवुड. तेही आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का बघूनच घ्यायचं, कारण आयएस ३०३ मधलं साधं एमआर ग्रेड, म्हणजे फक्त ओलसरपणा सोसणारं, पाण्याजवळ टिकत नाही, फुगतं. दुकानदार सगळ्यालाच वॉटरप्रूफ म्हणतात हो!

ओट्याची उंची हा घरातला मोठा वाद. आत्ता ३० इंच आहे, बायकोची पाठ धरते, म्हणून ३४ करतोय, साधारण कोपराच्या ४-५ इंच खाली यावा असा हिशोब. आईसाठी जरा उंच होईल, पण ती आता पोळ्या बसूनच लाटते.

टाइल्सचा रंग नंतर बघू, आधी प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन, कारण एकदा डॅडो (ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइल्स) लागला की भिंत फोडायला जीव होत नाही. मायक्रोवेव्हला १६ अँपिअरचा सॉकेट आणि थेट एमसीबीपासून (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच) वेगळी वायर, मिक्सरला ६ चा चालतो. चिमणी शेगडीपासून अडीच फुटांवर, म्हणजे तिचा पॉइंट आणि पाइपाचं भोकही आत्ताच पाडून घ्यायचं.

तोवर गॅस बाल्कनीत. पावसाचं तेवढं बघावं लागेल.